‘पूर्ण रिस्टोअर केलेलं’ पिनबॉल मशीन: चकाकीखाली काय काय निघालं

जुनं पिनबॉल मशीन (नाणं टाकून, काचेखालच्या उतरत्या फळीवर पोलादी चेंडू टोलवत खेळायचं यंत्र) घ्यायचं, घरी सवडीनं साफ करायचं आणि पुन्हा चालतं करायचं, असा बेत ज्यांच्या मनात आहे त्यांच्यासाठी हे सविस्तर लिहितो आहे. माझ्या गळ्यात जे मशीन मारलं गेलं ते दिसायला देखणं होतं. रंग ताजे, काच स्वच्छ, प्लेफिल्ड (चेंडू फिरतो ती रंगवलेली लाकडी फळी) आरशासारखं. मळकं मशीन निदान खरं तरी सांगतं: चेंडू कुठून सतत घरंगळला, कुठली कॉइल (वीज मिळाली की चुंबक बनून भाग हलवणारं तारेचं वेटोळं) तापत होती, तेल कुठे सांडलं होतं, हे त्या मळावरूनच वाचता येतं. माझ्या विक्रेत्यानं नेमका तोच पुरावा पुसून टाकला होता.

मशीन बॅली या अमेरिकन कंपनीचं, १९८० च्या सुमाराचं. १९७० च्या दशकाच्या उत्तरार्धापर्यंत पिनबॉल रिले आणि स्टेपरवर, म्हणजे विजेनं हलणाऱ्या यांत्रिक स्विचांवर चालत असे. त्यानंतर मागच्या पेटीत, म्हणजे बॅकबॉक्समध्ये, इलेक्ट्रॉनिक बोर्ड आले. त्या काळच्या बॅलीच्या मुख्य बोर्डवर निकेल-कॅडमियमची छोटी रिचार्जेबल बॅटरी थेट सोल्डर केलेली असते. बंद मशीनलाही जुना उच्चांक वगैरे आकडे आठवावेत, एवढंच तिचं काम. ही बॅटरी म्हातारी झाली की गळते, आणि गळलेला अल्कलाइन द्रव आजूबाजूचं तांबं खात सुटतो. या मशीनांचा सगळ्यात मोठा शत्रू हाच. म्हणून मी पहिला प्रश्न बॅटरीचाच विचारला होता. लेखी उत्तर आलं: ‘बॅटरी केव्हाच काढली, बोर्ड एकदम क्लीन आहे.’ सोबत स्वच्छ, हिरव्यागार बोर्डचा फोटो. शिवाय मशीन एकाच मालकाचं, कायम घरातच वापरलेलं, पूर्ण रिस्टोअर केलेलं, असंही लिहून दिलं.

पाहायला गेलो तेव्हा मशीन आधीच चालू होतं. खेळून पाहिलं, सगळं व्यवस्थित. काच काढून प्लेफिल्ड त्यानं आनंदानं दाखवलं, वर उचलूनही दाखवलं. बॅकबॉक्स उघडा म्हटल्यावर मात्र किल्ली सापडेना. ‘घर बदलताना कुठेतरी गेली, दोन दिवसांत पाठवतो.’ बहुतेक मशीनमध्ये ही किल्ली कॉइन डोअरच्या, म्हणजे नाणी टाकायच्या पुढच्या दाराच्या, आत एका हुकला टांगलेली असते. इथे हुक होता, किल्ली नव्हती. बोर्डचा फोटो आणि लेखी हमी हातात होती, त्या भरवशावर व्यवहार झाला. किल्ली आजतागायत आलेली नाही.

घरी आणल्यावर नेहमीप्रमाणे साफसफाईनं सुरुवात केली. प्लेफिल्डवर सुती कापड फिरवलं तर ते ओशट झालं. गाडीच्या डॅशबोर्डला लावतात तसलं सिलिकॉनचं पॉलिश भरपूर चोपडलं होतं. चमक येते, चेंडू पळतोही जोरात, पण ते लाकडात आणि फटींमध्ये मुरतं आणि नंतर रंगाची डागडुजी करायला गेलं की रंग धरतच नाही. प्लेफिल्डवरच्या छोट्या खांबांच्या रबर रिंगा तेलानं फुगून चिकट झाल्या होत्या. फ्लिपरचे (चेंडू टोलवणाऱ्या पात्यांचे) सांधे, कॉइलच्या नळ्या, सगळीकडे स्प्रेचं तेल. पिनबॉलमधली कॉइल कोरडी चालण्यासाठीच बनवलेली असते: नायलॉनची नळी आणि तिच्यात सरकणारा लोखंडी दांडा. तिथे तेल गेलं की धूळ बसून काळा चिखल होतो आणि थोड्याच दिवसांत दांडा अडकायला लागतो. त्यातून हे स्प्रे ज्वालाग्राही, आणि फ्लिपर पूर्ण वळला की उघडणाऱ्या स्विचवर ठिणगी पडते. हे काम अज्ञानातून झालं असेल असं आधी वाटलं. पण तेल नेमकं त्याच जागी होतं जिथे दांडा घासून आवाज करत होता. दाखवायच्या दिवसापुरता आवाज बंद करायचा होता.

पुढचा धक्का पॉप बंपरपाशी (चेंडू लागला की त्याला उडवून लावणारा गोल खांब) बसला. साफसफाईसाठी बंपरची टोपी आणि तळाची चकती काढली, तर भोकाच्या कडेला प्लेफिल्डचा रंग नखानं उचलला गेला. रंगाचा पोपडा नव्हे, अखंड पातळ पापुद्रा. खाली उघडं, राखाडी पडलेलं लाकूड. पूर्ण प्लेफिल्डवर छापील प्लास्टिकचं ओव्हरले चिकटवलेलं होतं. भिंग लावून पाहिलं तेव्हा खात्री पटली. त्या काळच्या प्लेफिल्डवर एकेक रंग स्क्रीन प्रिंटिंगनं सपाट, भरीव छापत. माझ्या ‘मूळ’ प्लेफिल्डवरच्या नारिंगी रंगात भिंगाखाली लाल-पिवळ्या ठिपक्यांची रांगोळी दिसत होती. दिव्यांवरच्या प्लास्टिकच्या चकत्यांच्या कडाही बोटाला जाणवत नव्हत्या. चाळीस वर्षांच्या लाकडात त्या चकत्या थोड्या तरी वर किंवा खाली सरकलेल्या असतातच. इथे सगळं गुळगुळीत, कारण सगळं एकाच ओव्हरलेखाली झाकलेलं.

ओव्हरले लावणं हा गुन्हा नाही. रंग पार गेलेल्या मशीनला तो एक मार्ग आहे आणि कित्येक जण तो सांगून वापरतात. झाकून ठेवून ‘मूळ रंग’ म्हणून विकणं ही लबाडी. आणि त्याचा त्रास पुढच्या माणसाला होतो: ओव्हरले काढायला जावं तर गोंदासकट खालचा उरलासुरला मूळ रंगही निघून येतो. केस वाळवायच्या ड्रायरनं थोडी ऊब देऊन मी एक कोपरा उचलून पाहिला आणि तिथेच थांबलो.

मशीन पहिले काही दिवस चाललं आणि एका सकाळी मुकं झालं. दिवे लागले, पण खेळ सुरू होईना. बॅकबॉक्सचं कुलूप ड्रिलनं काढलं. या बोर्डवर एक लहान लाल एलईडी असतो. मशीन सुरू केल्यावर तो आधी क्षणभर लुकलुकतो आणि मग एकेक चाचणी पार पडेल तसा एकूण सात वेळा चमकतो. माझा एलईडी लागून तसाच राहिला, म्हणजे बोर्ड पहिल्या पायरीवरही चढत नव्हता. बोर्ड बाहेर काढला. फोटोतला बोर्ड हा नव्हताच! जुनी बॅटरी कापून तिच्या जागी नवा होल्डर लावला होता, तेवढं खरं. पण गळतीनं खाल्लेल्या सगळ्या भागावर हिरव्या रंगाचा स्प्रे मारला होता, तोही इतका बेमालूम की हातभर अंतरावरून कळू नये. टोकदार अवजारानं रंग खरवडला तर खालून निळसर-हिरवी भुकटी निघाली. सॉकेटमधून एक चिप हलकेच उचलली, तिचे दोन पाय सॉकेटमध्येच राहिले.

आता तो पाहायला गेलेला दिवस नीट कळतो. गंजलेल्या सॉकेटमध्ये चिपचा पाय कधी टेकतो, कधी नाही. एकदा सुरू झालेलं मशीन तासभर बिनतक्रार चालू शकतं आणि बंद करून पुन्हा लावलं की उठत नाही. मी पोचायच्या आधी ते चालू करून ठेवलेलं होतं, आणि मी असेपर्यंत त्यानं एकदाही बंद केलं नाही. म्हणून माझं कळकळीचं सांगणं: मशीन थंड असताना, तुमच्या डोळ्यांसमोर, बंद अवस्थेतून सुरू करायला लावा. सुरू झालं की बंद करा, थोडं थांबा, परत सुरू करा. नकार मिळाला तर तिथून निघा.

इथपर्यंत गेला तो पैसा आणि श्रम. पुढचं मात्र जिवावरचं होतं. कॅबिनेटच्या तळाशी वीजजोडणी तपासली तेव्हा अर्थिंगची तार मुळातच कापून आत दुमडलेली आढळली. एका फ्यूजच्या क्लिपमध्ये जळालेलाच फ्यूज ॲल्युमिनियमची फॉइल गुंडाळून बसवला होता. म्हणजे कॉइल अडकून राहिली तर फ्यूज उडणार नाही, कॉइल जळेल, आणि सोबत तेलानं माखलेलं लाकूड. या पिढीच्या बॅलीमध्ये कॉइलना सुमारे ४३ व्होल्ट आणि आकडे दाखवणाऱ्या डिस्प्लेंना सुमारे १९० व्होल्ट डीसी लागतं. असं मशीन लहान मुलं धातूच्या पट्टीवर हात ठेवून खेळतात. रंगाच्या लबाडीचा राग मी विसरेन, या फॉइलचा विसरणार नाही. जुनं मशीन घरी आलं की सॉकेटमध्ये पिन घालण्याआधी मल्टिमीटरनं पिनच्या अर्थपासून कॉइन डोअरच्या धातूपर्यंत कंटिन्यूइटी (जोडणी अखंड आहे ना) बघा, आणि प्रत्येक फ्यूज काढून त्यावरचा आकडा मूळ पुस्तिकेशी ताडून पाहा.

‘एकाच मालकाचं, घरगुती’ हेही खोटंच. कॅबिनेट आणि बॅकबॉक्सवरचे अनुक्रमांक वेगळे निघाले, म्हणजे दोन मशीन जोडून एक केलेलं. कॉइन डोअरच्या दोन्ही बाजूंना पुट्टीनं बुजवलेली भोकं होती. पैशांच्या पेटीला बाहेरून जाड कडी-कुलूप लावत, त्याची ती भोकं. घरात अशी कडी कोण कशाला लावेल? मशीन वर्षानुवर्षं सार्वजनिक जागी कमाईला लागलेलं होतं. त्यात वाईट काही नाही, त्या काळची बहुतेक मशीन तशीच वापरली गेली. पण मग तसं सांगावं.

विक्रेत्याला सगळे फोटो पाठवले. पहिलं उत्तर आलं, ‘तुम्ही नेलंत तेव्हा चालू होतं.’ बोर्डच्या फोटोबद्दल विचारलं तर, ‘तो नमुन्यादाखल होता.’ फॉइलबद्दल विचारल्यावर त्यानं हात वर केले, जुन्या मालकानं केलं असेल म्हणाला. अहो, पण जुना मालक तर नव्हताच ना? त्यानंतर उत्तरं बंद. पैसे थेट खात्यात गेलेले, परत येण्याचा रस्ता उरला नाही. लेखी हमीच्या बळावर तक्रार केली तेव्हा त्याची जाहिरात काढली गेली, इतकंच झालं.

तुम्ही मशीन पाहायला जाल तेव्हा एक टॉर्च, एक भिंग आणि मल्टिमीटर जवळ ठेवा. जाण्यापूर्वी इंटरनेट पिनबॉल डेटाबेसवर त्या मॉडेलची पानं बघा. मूळ प्लेफिल्ड, बॅकग्लास (बॅकबॉक्सची चित्र रंगवलेली काच), कॅबिनेटवरची चित्रं यांचे फोटो तिथे असतात, रंगातला फरक लगेच डोळ्यांत भरतो. फोटो मागायचाच तर त्याच दिवशीची तारीख लिहिलेली चिठ्ठी बोर्डजवळ ठेवून काढायला सांगा. बॅटरीचं दुखणं फक्त बॅलीचं नाही. १९९० च्या दशकातल्या विल्यम्स या दुसऱ्या कंपनीच्या मशीनमध्ये मुख्य बोर्डवरच तीन एए सेल बसतात, तेही गळतात. सेल नवे दिसले म्हणून हुरळून जाऊ नका, होल्डरखालचा आणि शेजारच्या सॉकेटचा रंग बघा. बॅकग्लासचा रंग काचेच्या आतल्या बाजूला असतो. मागून टॉर्च मारली की उडालेले पोपडे दिसतात. ती बाजू घरी चुकूनही पुसू नका, रंग कापडासोबत येतो.

दुरुस्ती मी सोडली नाही. बोर्ड बाहेर काढून, सॉकेटमधल्या चिपा काढून, पांढरं व्हिनेगर आणि पाणी समप्रमाणात घेऊन जुन्या टूथब्रशनं घासलं. अल्कलीला सौम्य आम्ल मारतं. मग शुद्ध पाणी, मग आयसोप्रोपिल अल्कोहोल, आणि पूर्ण वाळवण. तरी बोर्डवरच्या तांब्याच्या अर्ध्याअधिक वाटा खाल्लेल्या होत्या. शेवटी या पिढीसाठी नव्यानं बनणारा पर्यायी बोर्ड बसवला, त्याला बॅटरीच लागत नाही. गळतीचा द्रव तारांच्या आतूनही सरकतो, म्हणून कनेक्टरच्या पिना बदलल्या. नळ्या नव्या, रबर नवं. कॉइलजवळ तेलाचा थेंब नाही. प्लेफिल्डवरचं सिलिकॉन, प्लग काढून, खिडक्या उघड्या ठेवून, नॅफ्थानं (पेट्रोलसारखा ज्वालाग्राही द्रावक) थोडं थोडं उतरवलं आणि वर कार्नोबा मेण लावलं. पाण्याचं फडकं उघड्या लाकडाजवळ नेऊ नका, तंतू फुगतात. मेलामाइनचा पांढरा स्पंज डाग छान काढतो, पण सोबत रंगावरचं वार्निशही थोडं थोडं काढतो, तेव्हा हात हलका ठेवा. २७ मिलिमीटरचा चेंडू नवा घ्याच. गंजाचे खड्डे पडलेला ८० ग्रॅमचा पोलादी गोळा म्हणजे प्लेफिल्डवर फिरणारी कानस.

ओव्हरले मी तसंच राहू दिलं आहे. कॉइन डोअरच्या आतल्या बाजूला एक कागद चिकटवला आहे: प्लेफिल्डवर ओव्हरले आहे, बॅकबॉक्स दुसऱ्या मशीनचा आहे, मुख्य बोर्ड बदललेला आहे, अर्थिंग नव्यानं जोडलं आहे, आणि कुठला फ्यूज किती अँपिअरचा. बॅकबॉक्सची नवी किल्ली शेजारच्या हुकला आहे.