चौदा महिने, दहा सेट: इलेक्ट्रिक गिटारच्या तारांचा माझा अनुभव

गेल्या वर्षी जूनमध्ये नाशिकला औरंगाबाद रोडवरच्या एका लॉनवर हळदीचा कार्यक्रम होता. साउंडचेक चालू असताना आमचा कीबोर्डवाला माझ्याकडे वळून म्हणाला, "काय रे, गिटार आज गोधडी पांघरून आलीये का?" तारा जेमतेम तीन आठवड्यांच्या होत्या. अँपवर ट्रेबल वाढवला, तर नुसता कर्कशपणा वाढला. चमक काही आली नाही. घरी आल्यावर ठरवलं, आता लोक काय म्हणतात ते बाजूला ठेवायचं आणि आपल्या हाताखाली कुठली तार किती टिकते ते लिहून काढायचं. तेव्हापासून दहा सेट झाले.

माझ्याबद्दल थोडं सांगावं लागेल, नाहीतर पुढचे आकडे तुमच्या कामाचे नाहीत. मी अंबड एमआयडीसीत क्वालिटीत आहे. संध्याकाळी तासभर वाजवतो, महिन्याला चार-पाच कार्यक्रम असतात, लग्नसराईत जास्त. गिटार स्ट्रॅट (फेंडर स्ट्रॅटोकास्टर) धाटणीची आहे, साडेपंचवीस इंच स्केल, म्हणजे तारेची वाजणारी लांबी, आणि तारांचा कंप पकडणारे तीन सिंगल कॉइल पिकअप. आणि हात घामट. शाळेत पेपर लिहिताना हाताखाली रुमाल ठेवावा लागायचा, इतके घामट.

पद्धत अगदी साधी ठेवली. नवा सेट चढवला की तारीख चिठ्ठीवर लिहून केसमध्ये टाकायची. दर रविवारी त्याच चार ओळी, त्याच पिकने, त्याच पिकअपवर, अँपशिवाय थेट इंटरफेसमधून (गिटार कॉम्प्युटरला जोडायची पेटी) रेकॉर्ड करायच्या. शिवाय बाराव्या फ्रेटवर (मानेवरची धातूची आडवी पट्टी) हार्मोनिक, म्हणजे तार न दाबता नुसतं बोट टेकवून निघणारा सूर, वाजवून मग तोच सूर दाबून वाजवायचा आणि ट्युनरवर दोन्ही जुळतात का ते बघायचं. तार मेली की आधी ते इथे कळतं, कानाला नंतर. घाण आणि झीज तारेवर सगळीकडे सारखी नसते. त्यामुळे मोकळी तार सुरात असते, पण वर दाबली की भरकटते.

पहिला मुद्दा तुटण्याचा, कारण लोक "टिकाऊ" म्हणतात तेव्हा बहुतेकांच्या मनात तेच असतं. माझी पहिली, म्हणजे सगळ्यात बारीक, तार जुलैपर्यंत तीनदा तुटली. आधी डॅडारिओ कंपनीचा दहा-सेहेचाळीस होता, म्हणजे सगळ्यात बारीक तार दहाची आणि सगळ्यात जाड सेहेचाळीसची, म्हणून मी एर्नी बॉलच्या रेग्युलर स्लिंकीवर गेलो. माप तेच. ती पण तुटली. मग तिसरा सेट ऑनलाइन एका विक्रेत्याकडून स्वस्तात मागवला. पाकीट हुबेहूब, पण हाताला तारा कडक लागत होत्या. कंपनीत मायक्रोमीटर लावला. दहाची तार म्हणजे इंचाच्या हजार भागांतले दहा भाग, म्हणजे ०.२५ मिलिमीटर. इथे ०.२८ भरत होती. बनावट माल. विक्रेत्याने परत घेतला नाही, तो विषय तिथेच संपला.

पण त्या निमित्ताने तुटलेले तुकडे पण भिंगाखाली धरले आणि स्वतःचीच लाज वाटली. तिन्ही तारा एकाच जागी तुटल्या होत्या, ब्रिजच्या (गिटारच्या अंगावर तारा जिथे अडकवतात तो भाग) सॅडलवर, म्हणजे तार ज्या खाचेवर टेकून वळते तिथे. सॅडलला बर होती, म्हणजे धातूची बारीक धारदार कड. दिवसभर लोकांचे पार्ट बरसाठी रिजेक्ट करणारा मी, आणि माझ्याच गिटारवर केसाएवढी बर! दिव्याखाली अंधार तो हाच. हजार नंबरचा पॉलिश पेपर दुमडून खाचेतून हलक्या हाताने पंधरा-वीस वेळा फिरवला. त्यानंतर आजपर्यंत पहिली तार एकदाही तुटलेली नाही, कुठल्याच कंपनीची. तेव्हा तुमची तार वारंवार तुटत असेल तर कंपनी बदलण्याआधी ती कुठे तुटते ते बघा. सॅडलवर किंवा नटवर (मानेच्या टोकाची खाचांची पट्टी) तुटत असेल तर दोष गिटारचा आहे.

आता टोन. इलेक्ट्रिकच्या जाड तारांमध्ये आत स्टीलची कोर आणि बाहेर वेढा असतो. नेहमीच्या सेटमध्ये तो वेढा निकेलचा मुलामा दिलेल्या स्टीलचा, काहींमध्ये शुद्ध निकेलचा, काहींमध्ये स्टेनलेसचा. खालच्या तीन बारीक तारा साध्या स्टीलच्याच असतात. म्हणजे टोनवरून जी भांडणं होतात ती खरं तर वरच्या तीन तारांवरून असतात. डॅडारिओ आणि एर्नी बॉल या दोन्हींच्या नव्या साध्या सेटचं रेकॉर्डिंग मी नावं लपवून ऐकलं. मला फरक सांगता आला नाही. डॅडारिओच्या तारांच्या टोकाचे गोळे रंगीत असतात, त्यामुळे अंधाऱ्या स्टेजमागे कुठली तार कुठली ते पटकन कळतं. माझ्यासाठी या दोघांतला खरा फरक तेवढाच.

शुद्ध निकेलचा सेट नोव्हेंबरच्या मध्यावर चढवला. आवाज थोडा हळू, थोडा गोल, पिकचा फटका बोथट. जुन्या हिंदी गाण्यांच्या कार्यक्रमात तो इतका फिट बसला की मी ट्रेबलला हात लावला नाही. पण डीजेच्या आधी जी उडती गाणी लागतात त्यात गिटार मागे राहायची. थंडीत कोरड्या हवेत तो आठ आठवडे छान चालला, पण त्याचं श्रेय निकेलला द्यायचं की नाशिकच्या डिसेंबरला, हे मी छातीठोकपणे सांगणार नाही.

डिसेंबरवरून एक आठवलं. गंगापूर रोडच्या लॉनवर रात्री दहाला हूडी घालून वाजवावं लागतं. घरून नीट लावून नेलेली गिटार केसमधून काढून दहा मिनिटं उभी ठेवली की सगळ्या तारा चढलेल्या असतात, कारण थंडीत स्टील आकसतं. मग स्टेजचे लाइट तोंडावर पेटले की हळूहळू उतरतात. माझ्या शेजारच्या बँडमधला पोरगा यासाठी तारांना शिव्या घालत होता. त्याला म्हटलं, बाबा, गिटार अर्धा तास आधी स्टेजवर आणून ठेव आणि लाइट लागल्यावर सूर लाव.

स्टेनलेस एक महिना वापरलं. चमक भरपूर, घामाला दाद देत नाही, पण बोटाखाली खरखर आणि सरकताना शिट्टीसारखा आवाज. शिवाय कडक धातू साध्या फ्रेटवर घासणार म्हणजे फ्रेट लवकर झिजणार. काढून टाकला.

आता कोटेड तारा, म्हणजे वर पातळ आवरण चढवलेल्या, ज्यांच्याबद्दल मला सगळ्यात जास्त विचारलं जातं. इथे कोटेड म्हटलं की सगळे इलिक्सर म्हणतात. ती गोअरची, म्हणजे गोअर-टेक्सवाल्या कंपनीची. रेनकोटचं कापड बनवणाऱ्यांनी तारांना रेनकोट घातला, आणि मी पण तो ऑगस्टच्या पावसातच घेतला. साध्या सेटला मला साधारण साडेसहाशे पडतात, याला चौदाशे पडले. चढवताना जीव थोडा खाली-वर झाला. पण तो सेट ऑगस्टच्या सुरुवातीपासून नोव्हेंबरच्या मध्यापर्यंत गेला. त्यात गणपती झाले, नवरात्राच्या नऊ रात्री झाल्या, आणि गरबा म्हणजे सलग तीन-तीन तास, घामाच्या धारा. चौदाव्या आठवड्यात बाराव्या फ्रेटचा सूर बिघडायला लागला, तोवर ठीक.

कोटेड तारा बोथट वाजतात असं म्हणतात. घरी एक खेळ केला. आईला आणि कीबोर्डवाल्याला तीन तुकडे ऐकवले: नवा साधा, नवा कोटेड, सहा आठवड्यांचा साधा. तिसरा दोघांनी लगेच ओळखला. पहिल्या दोघांत कीबोर्डवाला म्हणाला, "हा आठवडाभर वाजवलेला दिसतोय." तो कोटेड होता. आई म्हणाली, पहिला जरा जास्त चिरतोय, दुसरा बरा. म्हणजे कोटेड तार पहिल्या दिवशी आठवडाभर जुनी वाटते, पण मग तीन महिने तशीच राहते. साधी तार पहिले चार दिवस सुंदर आणि नंतर रोज थोडी थोडी उतरत जाते. मी तर नव्या सेटचे पहिले दोन दिवस कार्यक्रमाला टाळतोच, कारण तार ताणून बसेपर्यंत सूर सरकत राहतो.

फेब्रुवारीच्या मध्यापासून मेअखेरपर्यंत नऊ-बेचाळीसचे दोन सेट वापरले. या स्केलवर दहा-सेहेचाळीसचा एकूण ताण साधारण ४७ किलो, नऊ-बेचाळीसचा ३९च्या आत. आठ किलो उतरले की बेंड (तार बोटाने बाजूला ओढून सूर चढवणं) लोण्यासारखे होतात, पण ब्रिज मागे बसतो आणि तारा फ्रेटवर खडखडायला लागतात. ब्रिजला मागून ओढून धरणाऱ्या स्प्रिंग सैल कराव्या लागल्या, ट्रस रॉड (मानेचा बाक सांभाळणारी आतली सळई) जरा सोडावा लागला. टिकण्यात मला फरक जाणवला नाही. जोरात वाजवताना सूर वर जायचा, म्हणून परत दहावर आलो. ज्यांचा हात हलका आहे त्यांनी खुशाल नऊ घ्यावं.

एक मोठी खोट माझ्या हिशेबात होती. साधा सेट पावसात मेला आणि शुद्ध निकेल थंडीत जगला, ही काही बरोबरीची कुस्ती नाही. म्हणून यंदाच्या जूनमध्ये पुन्हा साधाच डॅडारिओ चढवला, फक्त एक बदल करून. प्रत्येक वेळी वाजवून झालं की जुन्या सुती बनियनचा तुकडा तारेच्या वरून आणि खालून फिरवायचा, आणि केसमध्ये बुटांच्या खोक्यातल्या सिलिका जेलच्या दोन पुड्या. खालून पुसणं महत्त्वाचं, तिथला मळ कोणी बघत नाही. काढलेली जुनी सहावी तार मी कंपनीच्या भिंगाखाली ठेवली होती. वेढ्यांच्या फटीत काळपट लगदा बसलेला आणि जिथे फ्रेट लागतो तिथे गोल वेढा चपटा झालेला, रेल्वेच्या रुळावर ठेवलेल्या नाण्यासारखा. नख फिरवलं तर ठेच लागते. नवा ट्रेनी बघायला आला आणि विचारतो, "सर, हा कुठल्या कस्टमरचा पार्ट?"

पुसलेला साधा सेट साडेपाच आठवडे गेला. गेल्या वर्षी तोच पाऊस, तोच हात, तेच पाकीट, तीन आठवडे. फडक्याची किंमत शून्य. आठवड्याचा खर्च काढला तर न पुसता सव्वादोनशेच्या आसपास, पुसून एकशेवीस, कोटेडला शंभर. माझ्याकडे शिकायला येणाऱ्या एका मुलाचे हात कोरडे ठणठणीत आहेत. त्याच्याकडे हाच साधा सेट दोन महिने निघतो. त्याला मी कोटेड घेऊ दिलं नाही. घरात वाजवणाऱ्या आणि हात कोरडा असणाऱ्या माणसाने चौदाशे घालायचं कारण मला दिसत नाही. माझ्यासारख्या घामट आणि पावसाळ्यात बाहेर वाजवणाऱ्याला मात्र ते परवडतं, शिवाय ऐन नवरात्रात तारा बदलत बसायचा ताप वाचतो.

कोटेडची एक गोष्ट आवडत नाही. तिसऱ्या महिन्यात पिक लागतो त्या जागी कोटिंग उसवतं आणि सावरीच्या कापसासारखे बारीक पांढरे धागे लोंबायला लागतात. आवाजाला त्याने काही होत नाही, पण फोटोत दिसतं आणि दर कार्यक्रमाला कोणीतरी विचारतंच. आणि एक जरी तार गेली तरी बाजारात सुटी कोटेड तार सहज मिळत नाही. मी सुट्या साध्या दहाच्या चार तारा बॅगेत ठेवतो. पहिली तार तशीही साध्या स्टीलची, मधूनच बदलली तरी कानाला खुपत नाही.

सध्या गिटारवर दहावा सेट आहे, कोटेड. चिठ्ठीवर तारीख २७ जुलै. काल रविवारी रेकॉर्डिंग केलं, बाराव्या फ्रेटवर ट्युनरचा काटा मध्यावरच होता.