स्किन विकायची कुठं? स्टीमचा बाजार, थेट ट्रेड, बाहेरची साइट की ग्रुपमधला माणूस

"मामा, टेलिग्रामवर एक जण माझ्या एकेला स्टीमवर आहे तोच भाव देतोय. तेही रोख, यूपीआयनं. देऊन टाकू?"

रविवारी सकाळी जुळे सोलापुरात बहिणीकडे गेलो होतो. ताटात कडक भाकरी, शेंगाचटणी, दही आणि समोर भाच्याचा फोन. काउंटर-स्ट्राइक २ या गेममधली त्याची एके-४७ रेडलाइन त्याला विकायची होती, कारण हेडफोन घ्यायचा होता. रेडलाइन म्हणजे गेममधल्या बंदुकीचं रंगरूप, यालाच स्किन म्हणतात, आणि स्टीम म्हणजे हा गेम जिथून चालतो ते ऑनलाइन दुकान. मी लगेच ‘नको’ म्हणालो नाही. नुसतं नको म्हटलं की पोरं तेच काम आपल्याला न सांगता करतात. दुपारभर बसून आम्ही चारही वाटा शेजारी शेजारी ठेवून पाहिल्या. असाच प्रश्न पडलेली पोरं आणि त्यांचे आईबाप आपल्या गावात बरेच आहेत, म्हणून सविस्तर लिहितो.

मी सुताच्या धंद्यात आहे. माल आधी की पैसे आधी, हा आमचा रोजचा प्रश्न. एखाद्यानं पैसे थकवले तरी त्याचे माग कुठं आहेत, घर कुठं आहे, कोणाला मध्ये घालायचं, हे ठाऊक असतं. गेममध्ये समोरच्याचं टोपणनाव आणि एक चित्र, एवढंच आपल्याकडे असतं. म्हणून माझी कसोटी एकच आहे. वस्तू आपल्या हातून सुटते आणि मोबदला हातात पडतो, या दोन क्षणांच्या मध्ये किती वेळ जातो? आणि तेवढा वेळ माल आणि पैसा कोणाच्या ताब्यात असतो? समोरचा ‘चांगला वाटतो’ की नाही, हा प्रश्न मी विचारतच नाही.

स्टीमचा कम्युनिटी मार्केट

इथं मधला वेळ शून्य. तुम्ही वस्तू मांडता, कोणीतरी घेतो, त्याच क्षणी वस्तू त्याची आणि पैसे तुमच्या स्टीम वॉलेटात. घेणारा कोण हे बघायची तुम्हाला गरजच नाही.

किंमत मोजावी लागते ती कपातीची. ५ टक्के स्टीमचे आणि काउंटर-स्ट्राइकसारख्या गेमला आणखी १० टक्के. हे टक्के विकणाऱ्याच्या रकमेवर वरून चढतात. म्हणजे घेणाऱ्यानं १,१५० रुपये मोजले तर तुमच्या हातात १,००० पडतात. भाच्याला ही लूट वाटली. मला नाही वाटत. आपल्या बाजार समितीत कांदा नेला की हमाली, तोलाई जातेच. पण वजन काट्यावर होतं आणि हिशोबपट्टी हातात मिळते. ही कपात वाचवणारा रस्त्यावर माल देऊन येतो आणि मग पैशासाठी खेटे घालतो.

खरी अडचण वेगळी आहे. वॉलेटातले पैसे बँकेत काढता येत नाहीत. त्यातून गेम घ्या, दुसरी स्किन घ्या, बास. त्यामुळेच एक गोष्ट घडते, जी या धंद्यात नवीन असलेल्यानं आधी समजून घ्यायला हवी: रोखीचा भाव स्टीमच्या भावापेक्षा जवळपास नेहमी कमी असतो. वॉलेटातला हजार आणि बँकेतला हजार यांची किंमत सारखी नाही. मग टेलिग्रामवरचा माणूस स्टीमएवढाच भाव रोखीत का देतोय? त्याला तीच एके बाहेर स्वस्तात मिळते. जास्त भाव हे आमिष असतं. भाच्याच्या प्रश्नाचं अर्धं उत्तर इथंच मिळालं होतं.

आणखी एक. फोनवर स्टीमचा मोबाइल ऑथेंटिकेटर, म्हणजे व्यवहाराला फोनवरून मान्यता द्यायची सोय, चालू नसेल, किंवा चालू करून सात दिवस झाले नसतील, तर मांडलेली वस्तू आणि केलेला ट्रेड १५ दिवसांपर्यंत अडकून पडतो. विकायचा विचार मनात आला की पहिलं काम ते करा, भाव नंतर बघा.

थेट ट्रेड

इथं दोन गोष्टींची गल्लत होते. वस्तूच्या बदल्यात वस्तू हा एक प्रकार, आणि वस्तूच्या बदल्यात बाहेरून पैसे हा दुसरा. स्क्रीनवर ट्रेडची खिडकी तीच दिसते, पण व्यवहार अगदी वेगळा.

वस्तूला वस्तू असेल तर दोन्ही बाजू एकाच खिडकीत असतात आणि अदलाबदल एकदमच होते. मधला वेळ इथंही शून्य. फसवणूक होते ती नजरेची. मालाची पारख येत असेल तरच या वाटेनं जा.

रेडलाइनचंच घ्या. प्रत्येक स्किनला घासलेपणाचा एक आकडा असतो, त्याला फ्लोट म्हणतात. ०.०७ च्या खाली फॅक्टरी न्यू, ०.१५ पर्यंत मिनिमल वेअर, ०.३८ पर्यंत फील्ड-टेस्टेड, ०.४५ पर्यंत वेल-वॉर्न आणि त्यापुढे बॅटल-स्कार्ड. हा आकडा वस्तू गेममध्ये पहिल्यांदा मिळते तेव्हाच ठरतो आणि कितीही खेळलात तरी बदलत नाही. छोट्या चित्रात मिनिमल वेअर आणि फील्ड-टेस्टेड जवळपास सारखीच दिसते, भावात मात्र मोठा फरक. समोरचा आधी चांगली वस्तू दाखवतो, बोलणं लावतो, मग ‘चुकून रद्द झालं, परत पाठवतो’ म्हणतो आणि दुसऱ्या ऑफरमध्ये त्याच नावाची घासलेली वस्तू ठेवतो. चादर घेताना आपण घडी उलगडून किनार बघतो ना? तसं दर वेळी, नव्या ऑफरला नव्यानं, वस्तूवर बोट ठेवून नाव, प्रत आणि फ्लोट वाचायचा. पाथ ऑफ एक्झाइल या गेमनं तर हे सक्तीचंच केलंय. समोरच्याच्या प्रत्येक वस्तूवरून माउस फिरवल्याशिवाय तिथं ‘मान्य’ दाबताच येत नाही. रुनस्केपमध्ये दुसरा पडदा येतो, सगळं परत एकदा दाखवतो. स्टीममध्ये ती शिस्त आपणच लावून घ्यायची.

आता पैशाचा प्रकार. ट्रेडच्या खिडकीत रुपये ठेवायची सोयच नाही. म्हणजे एक बाजू रिकामी. ‘आधी तू पाठव बे, मी काय पळून जातो का?’ हे वाक्य इथंच ऐकू येतं. जो आधी देतो, सगळा धोका त्याच्या गळ्यात.

घेणाऱ्याला वाटतं, वस्तू आधी मिळाली की मी सुटलो. तसंही राहिलेलं नाही. जुलै २०२५ पासून काउंटर-स्ट्राइक २ मध्ये ट्रेड संरक्षण आलं. ट्रेड झाल्यावर सात दिवस ती वस्तू पुढं देता येत नाही आणि तेवढ्या दिवसांत ट्रेड उलटवता येतो. उलटवला तर त्या सात दिवसांतले असे सगळेच ट्रेड मागं जातात आणि खात्यावर ३० दिवस ट्रेडबंदी येते. खातं चोरीला गेलेल्यांसाठी ही फार चांगली सोय आहे. पण रोख देऊन थेट घेणाऱ्यासाठी तिचीच दुसरी बाजू अशी, की विकणारा पैसे खिशात घालून सहाव्या दिवशी ट्रेड उलटवू शकतो. वस्तू परत त्याच्याकडे, तुमचे पैसेही त्याच्याकडे. म्हणून रोखीचा थेट व्यवहार आता दोन्ही बाजूंनी कच्चा झालाय.

बाहेरच्या साइट

रोख हवी असेल तर लोक इकडे वळतात: स्किनपोर्ट, सीएसफ्लोट, डीमार्केट ही नावं खेळणाऱ्यांना माहीत असतात. इथं मधला वेळ संपत नाही, पण त्या वेळात घेणाऱ्याचे पैसे साइटकडे थांबतात. ट्रेड झाला, उलटवायचे सात दिवस गेले, की मग विकणाऱ्याला मोकळे होतात. अडत्याचंच काम.

उणी बाजूही आहे. हा व्यवहार स्टीमच्या नियमांबाहेरचा आहे, काही बिघडलं तर स्टीमकडे दाद मागता येत नाही. ओळखपत्र द्यावं लागतं. पैसे भारतीय बँक खात्यात येतील की नाही, किती कापून येतील, हे विकण्याआधी पाहावं लागतं. आणि ते सात दिवस भावाची टांगती तलवार असते. ऑक्टोबर २०२५ मध्ये व्हॉल्व्हनं, म्हणजे स्टीम आणि हा गेम चालवणाऱ्या कंपनीनं, पाच लाल (वरच्या दर्जाच्या) स्किन देऊन दुर्मीळ सुरी किंवा हातमोजे मिळवायची सोय सुरू केली आणि सुऱ्यांचे भाव एका रात्रीत कोसळले. रात्री घेतलेला माल सकाळी निम्म्यावर आलेले लोक होते.

सगळ्यात मोठा धोका मात्र साइटचा नसून तिच्या नकलेचा आहे. हुबेहूब तसंच पान, ‘स्टीमनं लॉगिन करा’ दाबलं की एक छोटी खिडकी उघडते, वर पत्ताही बरोबर दिसतो. ती खिडकी खरी आहे का, हे बघायची एक साधी युक्ती आम्ही भाच्याच्या लॅपटॉपवर करून पाहिली: खिडकी धरून ब्राउझरच्या कडेबाहेर ओढायची. खरी असेल तर सहज बाहेर येते. पानावर नुसतं चित्र काढलेलं असेल तर कडेला अडकते. दुसरी खूण म्हणजे त्याच ब्राउझरमध्ये तुम्ही स्टीममध्ये आधीच शिरलेले असाल, तर खरं पान तुमचं खातं ओळखतं, पासवर्ड परत मागत नाही.

नकली पानावर पासवर्ड दिलात तरी लगेच काही होत नाही, म्हणून लोक निर्धास्त राहतात. चोर तुमच्या खात्यात गुपचूप बसून राहतो, बरेचदा एपीआय की, म्हणजे खातं बाहेरून चालवायची जणू दुसरी किल्ली, तयार करून. पुढं तुम्ही खऱ्या माणसाला ट्रेड पाठवला की तो रद्द होतो आणि तसंच नाव, तसंच चित्र असलेल्या खात्याकडे नवीन ट्रेड उभा राहतो. तुम्ही फोनवर सवयीनं मान्यता देता. वस्तू गेली. तेव्हा फोनवरच्या मान्यतेच्या पडद्यावर नाव वाचू नका, नाव कोणीही लावतो. खातं किती जुनं आहे आणि त्याची पातळी किती, ते वाचा. आणि तुम्ही कधी मागितली नसताना एपीआय कीच्या पानावर की दिसली, तर ती काढून पासवर्ड बदला. डिसेंबर २०१५ मध्ये व्हॉल्व्हनंच सांगितलं होतं की महिन्याला सुमारे ७७,००० खाती लुटली जातात. फोनवरची मान्यता आली ती त्यावरचा उपाय म्हणून. ती न वाचता दाबली तर काय उपयोग?

ग्रुपमधला माणूस, आणि पूर्ण खातं विकणं

ही चौथी वाट मी तुलनेत ठेवली ती फक्त नाही म्हणण्यासाठी.

भाच्याच्या वर्गातल्या एका मुलानं एका मोबाइल गेमचं खातं ग्रुपवरून चार हजाराला घेतलं. त्या गेममध्ये वस्तू एकमेकांना विकता येत नाहीत, म्हणून पूर्ण खातंच विकतात. ‘मिडलमन’ म्हणून तिसरा माणूस ग्रुपच्या ॲडमिननंच दिला होता. तेरा दिवस तो खेळला. चौदाव्या दिवशी मूळ मालकानं आपल्या जुन्या ईमेलवरून खातं परत काढून घेतलं. गेमकडे तक्रार करायला जागा नाही, कारण खातं विकणंच नियमाबाहेर. मिडलमन ग्रुप सोडून गेला. ते चार हजार त्यानं गड्ड्याच्या यात्रेत काकाच्या स्टॉलवर राबून साठवले होते. हे ऐकताना मला फार वाईट वाटलं.

विकणाऱ्यानंही निर्धास्त राहू नये. पैसे आल्याचा स्क्रीनशॉट म्हणजे पैसे नव्हेत. मेसेजही नव्हे. स्वतःच्या बँकेचं ॲप उघडून शिल्लक बघा. पैसे घ्यायला यूपीआय पिन कधीच लागत नाही, क्यूआर स्कॅन करावा लागत नाही. आणि खरोखरचे पैसे आले, पण ते तिसऱ्याच कोणाला फसवून मिळवलेले असतील, तर तक्रार झाल्यावर बँक तुमच्या खात्यातली ती रक्कम रोखून धरते. पोराच्या व्यवहारासाठी बापाचं खातं अडकलं, तर घरचा महिना कोलमडतो.

लहान मुलांसाठी एवढंच. रोब्लॉक्सवरच्या ॲडॉप्ट मी या गेममध्ये पाळीव प्राणी बदलायचे असतील तर खिडकीत दोन्हीकडे वस्तू असल्याशिवाय मान्यता द्यायची नाही. ‘विश्वास म्हणून आधी दे’ म्हणणाऱ्याशी बोलणंच थांबवायचं. पोकेमॉन गोची पद्धत मला सर्वांत आवडते: बदल करायला एरवी दोघं एकमेकांपासून १०० मीटरच्या आत उभे असावे लागतात. सिद्धेश्वर तलावाच्या काठावर समोरासमोर उभं राहून केलेल्या बदलात कोण कुठं पळणार?

फसलात तर वेळ घालवू नका. पैसे गेले असतील तर १९३० या सायबर फसवणुकीच्या हेल्पलाइनला लगेच फोन करा, व्यवहाराचा १२ आकडी संदर्भ क्रमांक हाताशी ठेवा, गप्पांचे स्क्रीनशॉट पुसू नका. नुसती वस्तू गेली असेल तर पासवर्ड बदला, सगळ्या फोन-संगणकांवरून स्टीममधून लॉगआउट करा, आणि सात दिवसांच्या आत असाल तर ट्रेड उलटवा.

माझं मत विचाराल तर: गेमवरच खर्च करणार असाल तर डोळे झाकून स्टीमचा बाजार. मित्राशी वस्तूला वस्तू बदलायची असेल, माल ओळखता येत असेल, तर थेट ट्रेड. रोखच हवी असेल, रक्कम मोठी असेल आणि आठ दिवस थांबायची तयारी असेल, तर बाहेरची साइट, आणि तीही वय अठराच्या पुढं असेल तरच. चौथी वाट कोणासाठीच नाही.

भाचा म्हणाला, पण हेडफोन वॉलेटातून कसा येणार? मी विचारलं, दिवाळीच्या ओवाळणीच्या पैशांचं काय करणार होतास? एक गेम घेणार होता. मग गेम वॉलेटातून घे, ओवाळणीतून हेडफोन. त्यानं रेडलाइन मांडली. किमतीच्या दोन खान्यांकडे, घेणारा किती देतो आणि मला किती मिळतात, बराच वेळ बघत बसला, आणि शेवटी दाबलं. चहा होईपर्यंत विकली गेली होती. संध्याकाळी आम्ही दोघं गाडीवर नव्या पेठेत गेलो. दुकानात तो हेडफोन कानाला लावून बघत होता तेव्हा फोन वाजला. टेलिग्रामवरचाच तो माणूस होता: ‘भाऊ, पाठवतो का?’ भाच्यानं मला दाखवलं, ग्रुपमधून बाहेर पडला आणि दुकानदाराला विचारलं, "काका, याची वॉरंटी किती?"