हिडकलचं बॅकवॉटर की कृष्णेचा डोह : गळाच्या मासेमारीसाठी कयाक, हवेची होडी की फायबरची?

मोबाईलवर बास मासेमारीचे व्हिडिओ पाहून होडी घ्यायची ठरवलेले बरेच जण आधी इंजिनाची चौकशी करतात. ते व्हिडिओ अमेरिकेतले. तिथं मैलोन् मैल पसरलेले तलाव, काठापर्यंत काँक्रीटचा उतार आणि अठरा-वीस फुटी होडी ओढून आणायला ट्रेलर. बेळगाव, हुक्केरी, चिक्कोडी, निपाणी भागात यांतलं काही नाही, आणि बासही नाही. पण बाससारखाच दबा धरून झडप घालणारा मासा आपल्याकडं आहे : मरळ. त्यामुळं बासची आमिषं इथं चालतात, बासची होडी चालत नाही.

होडी ठरते दोन गोष्टींवरून : कुठल्या पाण्यात जायचं, आणि ती काठापर्यंत उचलून न्यायला माणसं किती.

पाणी आधी बघा

घटप्रभेवरचं हिडकल हे ५१ टीएमसीचं मोठं धरण. पाणी उघडं, त्यामुळं वारा मोकळा सुटतो. उन्हाळ्यात दुपारनंतर पश्चिमेचा वारा धरला की लाटा भिंतीच्या दिशेनं, म्हणजे पूर्वेला ढकलतात. सकाळी वाऱ्याकडं तोंड करून पश्चिमेला जायचं आणि परतताना वारा पाठीशी घ्यायचा, हा इथला साधा हिशेब. उलटं केलंत तर दमलेल्या हातांनी लाटांवर वल्हवत यावं लागतं.

दुसरी अडचण गाळाची. फेब्रुवारीपासून पाणी मागं सरकतं आणि गाळपेरीच्या जमिनी उघड्या पडतात. गाडी थांबते तिथून पाण्यापर्यंत चिखलातून बरंच चालावं लागतं. पाणी खूप उतरलं की हुन्नूरचं बुडीत विठ्ठल मंदिर वर येतं. म्हणजेच पाण्याखाली जुन्या भिंती, दगड आणि झाडांचे बुंधे आहेत. मरळ आणि शिवडा तिथंच सापडतात, आणि होडीचा तळही तिथंच फाटतो.

कृष्णा, दूधगंगा, वेदगंगा यांचं पाणी वेगळं. अरुंद, काठाला ऊस, आणि बरगे (बंधाऱ्याच्या दारांत घालायच्या फळ्या) घातले की बंधाऱ्यांमागं संथ डोह. पंचगंगेतून वाहून येणारी जलपर्णी नृसिंहवाडीच्या संगमाखाली कृष्णेत पसरते. जूनपासून बरगे निघेपर्यंत आणि पुढं पूर ओसरेपर्यंत या नद्यांत होडी घालूच नका. कोयनेचा विसर्ग आणि राजापूर बंधाऱ्यावरून येणारं पाणी वाढलं की कृष्णेवरचा कल्लोळ-यडूर, आणि दूधगंगेला पूर आला की कारदगा-भोज असे बंधारे पाण्याखाली जातात. संथ दिवसांतही बंधाऱ्याच्या वरच्या बाजूला किमान शंभर मीटर अंतर ठेवा. बरग्यांच्या फटींतून पाणी खालून ओढलं जातं. वरून ते शांत दिसतं, पण होडी आडवी होऊन बरग्यांना चिकटली की वल्ह्यानं सुटत नाही.

कृष्णेत मगरी आहेत. ट्रॅक्टरच्या ट्यूबवर बसून, पाय पाण्यात सोडून गळ टाकायची पद्धत धरणांच्या काठी दिसते. कृष्णेत ती करू नका. थर्माकोलच्या तराफ्यालाही हेच लागू.

राकसकोपचं पाणी बेळगावकरांच्या नळाला येतं. तो तलाव या यादीत नाही.

तीन होड्या, समोरासमोर

*कयाक.* वर बसायची, बंद पोटाची प्लास्टिकची, दहा ते बारा फुटी. वजन २८ ते ३६ किलो. एक माणूस चाकाच्या छोट्या गाड्यावर ती चिखलातून ओढत नेतो, आणि हिडकलच्या उन्हाळ्यात एवढ्या एका कारणासाठी ती बाकी दोघींच्या पुढं जाते. रुंदी ३२ इंचांच्या खाली घेऊ नका. उभं राहून गळ फेकायचा असेल तर ३४-३६ इंच हवी. कंपनी जो भार सांगते त्याच्या ७० टक्क्यांपर्यंतच लादा. त्यापुढं पाणी निघायच्या भोकांतूनच पाणी वर येतं आणि दिवसभर ओल्या बुडानं बसावं लागतं. पायानं चालवायची पेडलवाली कयाक हिडकलला उत्तम, कृष्णेत जलपर्णीची मुळं पंख्यात गुंततात. तिथं साधं वल्हं बरं. तोटा एकच पण मोठा : ती एका माणसाची. आणि हे प्लास्टिक कुठल्याही गोंदाला धरत नाही. चीर पडली तर त्याच जातीच्या प्लास्टिकची कांडी वितळवून वेल्ड करावी लागते.

*हवेची होडी.* इथं फसगत सगळ्यात जास्त होते, म्हणून जरा सविस्तर. ऑनलाइन दिसणाऱ्या स्वस्त पिवळ्या-निळ्या होड्या पातळ व्हिनाइलच्या असतात. त्या स्विमिंग पूलच्या. मासेमारीला ०.९ मिलिमीटर जाडीचं, आत कापडी विणीचं पीव्हीसी हवं आणि हवेचे किमान तीन स्वतंत्र कप्पे हवेत, म्हणजे एक फुटला तरी दोन तारून नेतात. पावणेतीन-तीन मीटर लांबीची, ३० ते ४५ किलोची होडी दोघांना पुरते. घडी करून ती गाडीच्या डिकीत बसते. शहरात फ्लॅटमध्ये राहणाऱ्यांना एवढं कारण पुरेसं असतं.

बाजूच्या नळ्यांत साधारण ०.२५ बार दाब भरतात. पहाटे वीस अंशाला एवढी हवा भरून होडी एप्रिलच्या उन्हात काठावर ओढून ठेवली आणि आतली हवा पंचेचाळीस अंशांवर गेली, तर दाब ०.३५ बारपर्यंत चढतो. चिकटवलेले जोड इथंच सुटतात, आणि लोक दोष काट्याला देतात. काठावर घेतली की थोडी हवा सोडा. उलट तापलेल्या काठावर भरून थंड पाण्यात टाकली की दहा मिनिटांत ती ढिली पडते, तेव्हा पुन्हा थोडी भरा. टायरचा छोटा पंप या कामाला निरुपयोगी. तो दाब देतो, पण एवढी हवा भरायला तास घेतो. पायाचा किंवा दोन्ही बाजूंनी हवा देणारा हातपंप घ्या.

काठावरचा बाभळीचा काटा हा पहिला शत्रू, म्हणून उतरायच्या जागी जुनी ताडपत्री अंथरा. दुसरा शत्रू मासाच : शिंगाळ्याच्या कल्ल्यामागचे काटे आणि चिलापीचा पाठीवरचा काटेरी पर. मासा होडीत मोकळा सोडू नका, जाळीतून थेट बादलीत टाका. ठिगळ लावताना भोकाच्या चहूबाजूंनी पाच सेंटिमीटर जास्त कापड घ्या, दोन्ही पृष्ठभाग पुसून कोरडे करा, दोन भागांचा पीयू गोंद लावा आणि पूर्ण चोवीस तास हवा भरू नका. घाईत लावलेलं ठिगळ दुसऱ्याच फेरीत सुटतं.

*फायबरची होडी.* दहा-बारा फुटी, सपाट तळाची, चार फूट रुंद. दोघं उभे राहून गळ फेकतात, तिसरा बसतो, आणि तरी डुलत नाही. वजन मात्र ७० ते १२० किलो, म्हणजे टेम्पो आणि चार माणसं आलीच. ज्यांचं शेत काठाला आहे, किंवा ज्यांची होडी वर्षभर एका जागी बांधलेली राहते, त्यांनी दुसरं काही बघूच नये.

जुनी घेत असाल तर तळावर नाण्यानं ठोकत जा. टणक आवाज ठीक. बद्द, पोकळ आवाज आला तर थर सुटलेत. मागच्या फळीत, जिथं मोटर लागते तिथं, आत बहुधा प्लायवूड असतं. स्क्रू हातानं फिरला तर ते कुजलंय. तिसरी परीक्षा कुणी करत नाही आणि तीच महत्त्वाची : उथळ पाण्यात होडी पाण्यानं पूर्ण भरा. बाकांखाली फोम असेल तर ती काठोकाठ बुडून तरंगते. नसेल तर दगडासारखी तळाला जाते, आणि अशी होडी हिडकलच्या मधोमध न्यायची नाही. चीर दुरुस्त करायला फायबर मॅट, रेझिन आणि एक-दोन टक्के हार्डनर पुरतं. हार्डनर जास्त पडला तर ते तापून ठिसूळ होतं.

बुट्टीसारखी गोल होडी, कन्नडमधला तेप्प, जाळं टाकायला अप्रतिम. गळ फेकायला नाही. प्रत्येक फेकीला ती गर्रकन फिरते.

मोटर

वजनाच्या दर ४५ किलोला दोन पौंड ओढ, आणि वाऱ्यासाठी त्याची दुप्पट. दोन माणसांसह हवेची होडी साधारण २५० किलो होते. हिशेब ११ येतो, दुप्पट २२, म्हणजे ३० पौंडांची बॅटरीवरची मोटर. तीन माणसांची फायबर होडी चारशेच्या जवळ जाते, तिला ४० च्या आसपास घ्या. कयाकला मोटरीची गरज नाही.

३० पौंडांची मोटर पूर्ण वेगात साधारण ३० अँपिअर खाते. शंभर अँपिअर-तासांच्या शिशाच्या बॅटरीतला निम्माच भाग वापरायचा असतो, म्हणजे पूर्ण वेगात दीड तास, हळू चालवली तर तिप्पटही. घरच्या इन्व्हर्टरची ट्यूब्युलर बॅटरी आणायचा मोह टाळा. ती पन्नास-साठ किलोची असते आणि होडी कलली की अॅसिड सांडतं. हवेच्या होडीत तर नकोच. लिथियम फॉस्फेटची बॅटरी बारा किलोची, चालते जवळपास दुप्पट. बॅटरीजवळच ५० अँपिअरचा फ्यूज बसवा.

पेट्रोल इंजिन फक्त हिडकलसाठी आणि फक्त फायबरला. मोटर लावली की नोंदणीचा प्रश्न येतो, आणि मासे धरायला मत्स्य खात्याचा परवाना किंवा ठेकेदार सोसायटीची परवानगी लागते. होडीचे पैसे देण्याआधी तालुक्याच्या कार्यालयात विचारून या.

होडीप्रमाणे रॉड

जलपर्णीतल्या मरळीला सात फुटी जाड रॉड, बेटकास्टर रील (रॉडवर आडवं चाक असलेली), ५० पौंडांची विणलेली लाइन आणि १०-१५ ग्रॅमचा पोकळ रबरी बेडूक. तंगूस (नायलॉनची एकेरी लाइन) इथं नको : ते ताणतं, आणि ताणलं की गळ तोंडात रुतत नाही. बेडूक जलपर्णीच्या थरावर पलीकडं फेकायचा, ओढत मोकळ्या भोकाशी आणायचा आणि तिथं थांबवायचा. पाणी फुटलं की लगेच झटका देऊ नका. एक-दोन मोजा, लाइनीवर वजन आलं की मग ओढा. निम्म्याहून जास्त मरळी या घाईत सुटतात. उरलेल्या सुटतात त्या बेडकाच्या अंगाला घट्ट चिकटलेल्या गळांमुळं. दोन्ही टोकं पकडीनं मिलिमीटर-दोन मिलिमीटर बाहेर वाकवून घ्या.

हिडकलच्या बुंध्यांत बासवाल्यांची प्लास्टिकची अळी ३/० किंवा ४/० नंबरच्या गळावर, टोक अळीत लपवून, पुढं सात-दहा ग्रॅमचं गोळीसारखं वजन. दगडावर घासून विणलेली लाइन तुटते, म्हणून पुढं हातभर ०.५० मिलिमीटरचं तंगूस जोडा.

कयाकमध्ये बसून फेकायला साडेसहा-सात फुटांहून लांब रॉड अवघड जातो. रोहू-कटल्याचा नऊ-दहा फुटी रॉड तिथं आणूच नका, मासा हातात येत नाही. शेंगदाण्याच्या पेंडीचा गोळा, ०.३० चं तंगूस आणि जागेवर तास-दोन तास बसणं, हे फायबरच्या होडीचं काम, दोन्ही टोकांना नांगर टाकून. नांगराची दोरी खोलीच्या तिप्पट हवी. वाहत्या पाण्यात नांगर फक्त पुढच्या टोकाला बांधा, बाजूला बांधलात तर होडी आडवी होऊन भरते. गाठ अशी असावी की एका ओढीत सुटेल. उथळ चिखलात अडीच मीटरचा बांबू रोवून कयाक बांधणं नांगरापेक्षा सोपं.

बेटकास्टर नवा असेल तर ब्रेक असा लावा की बटण दाबल्यावर आमिष हळू खाली येईल, आणि जमिनीला टेकताच चाक थांबेल. नाही तर पहिल्याच फेकीला लाइनीचं घरटं होतं.

पावसाच्या सुरुवातीला पाण्यावर केशरी-लाल पिल्लांचा थवा श्वास घ्यायला वर येताना दिसला, तर खाली आई-बाप राखणीला असतात आणि कशावरही तुटून पडतात. तिथं गळ टाकू नका. ती जोडी उचलली तर चिलापी त्या पिल्लांना संपवते.

मग घ्यायची कुठली

एकटे जात असाल आणि हिडकल तुमचं मुख्य पाणी असेल, तर कयाक. दोघं, फ्लॅट आणि छोटी गाडी असेल तर जाड पीव्हीसीची हवेची होडी, पण वारा ताशी पंधरा किलोमीटरच्या वर असेल त्या दिवशी ती काठावरच ठेवा. ती पाण्यावर पानासारखी उडते. दूधगंगेच्या काठी रान आणि बांधायला जागा असेल तर फायबर. तिन्हींत शंभर न्यूटनचं (न्यूटन म्हणजे तारून धरायच्या जोराचं माप) लाइफ जाकीट अंगात घातलेलं हवं. पन्नास न्यूटनचं जाकीट पोहणाऱ्याला आधार देतं, बेशुद्ध माणसाचं तोंड पाण्याबाहेर ठेवत नाही.