मारिओ, डाँकी काँग, सोनिक की रेमन? आजचा साइड-स्क्रोलर निवडताना

डावीकडून उजवीकडे धावायचं, खड्ड्यांवरून उड्या मारायच्या, शत्रूच्या डोक्यावर पाय द्यायचा. १९८५च्या ‘सुपर मारिओ ब्रदर्स’ने रुळवलेला हा ‘साइड-स्क्रोलर’ प्रकारचा खेळ आजही जोमात आहे. जुन्या वळणाचा पण नव्या काळातला एकच गेम घ्यायचा असेल, तर चार नावं हमखास समोर येतात: ‘सुपर मारिओ ब्रदर्स वंडर’ (२०२३), ‘डाँकी काँग कंट्री: ट्रॉपिकल फ्रीझ’ (वी यू कन्सोलवर २०१४, निंटेंडो स्विचवर २०१८), ‘सोनिक मेनिया’ (२०१७) आणि ‘रेमन लेजेंड्स’ (२०१३).

चौघांचं चित्रकाम आणि संगीत इतकं चांगलं आहे की त्यावरून निवड करायला गेलात तर अडकून पडाल. ट्रेलर बघून घेतलेला गेम अर्ध्यावर सुटतो, कारण ट्रेलरमध्ये बोटांना काय करावं लागतं ते कळत नाही. आमच्या मते पाहायच्या गोष्टी दोनच: गेममध्ये वेग कसा मिळतो, आणि चूक झाली की गेम तुम्हाला किती मागे नेतो. बाकी सगळं त्यानंतर.

आधी यंत्र बघा

मारिओ आणि डाँकी काँग फक्त निंटेंडोच्या कन्सोलवर चालतात. स्विच किंवा स्विच २ नसेल तर प्रश्न सोनिक आणि रेमन यांच्यातच उरतो. हे दोन्ही पीसी, प्लेस्टेशन, एक्सबॉक्स आणि स्विच अशा सगळीकडे मिळतात. ‘ट्रॉपिकल फ्रीझ’ची जुनी वी यू आवृत्ती कुठे हाती लागली तर एक लक्षात ठेवा: नवशिक्यांना सांभाळून घेणारा फंकी मोड तिच्यात नाही, तो स्विचच्या आवृत्तीत आला.

वेग आणि उडी

‘वंडर’मधला मारिओ सर्वांत आज्ञाधारक आहे. धावायचं बटण धरलं की वेग येतो, सोडलं की उतरतो, आणि हवेत असतानाही दिशा बऱ्यापैकी बदलता येते. उडीचं बटण जितका वेळ दाबून ठेवाल तितकी उडी उंच. हवेत आर बटण दाबलं की मारिओ गिरकी घेतो आणि पडणं क्षणभर लांबतं. काठावर पाय पोचेल की नाही अशी शंका आली की ही गिरकी वाचवते. नवे खेळाडू हे बटण विसरतात आणि मग ‘उडी कमी पडते’ अशी तक्रार करतात.

त्याच्यावर जादा कौशल्य देणाऱ्या बॅजची जोड आहे. एका वेळी एकच बॅज लावता येतो, त्यामुळे कोणता लावायचा हा खरा निर्णय असतो. ‘पॅराशूट कॅप’मध्ये हवेत आर धरून ठेवला की टोपी छत्रीसारखी उघडते आणि तुम्ही तरंगत खाली येता. भिंतीवर चढायच्या बॅजने भिंतीवरून एकदा सरळ वर उडी मिळते. खाली बसून उंच उडीचा बॅज लपलेल्या जागा शोधायला उपयोगी. पहिल्यांदा खेळणाऱ्याने पॅराशूट कॅप लावावी आणि लेव्हल डोळ्यांखालून गेली की मगच दुसऱ्या बॅजकडे वळावं. उलट ‘जेट रन’सारखे तज्ज्ञांसाठीचे बॅज मुद्दाम अवघड आहेत. त्यात पात्र थांबतच नाही, त्यामुळे ओळखीची लेव्हलही नव्याने शिकावी लागते.

डाँकी काँग हा गोरिला जड आहे आणि गेम ते लपवत नाही. उडी मारल्यावर मन बदलायला फार वाव नाही. इथला वेग लोळण घेण्यात आहे. नुसती धाव घेऊन मारलेली उडी बऱ्याच ठिकाणी अपुरी पडते. लोळण सुरू करायची आणि काठाशी, किंबहुना काठ सुटल्या सुटल्या, उडीचं बटण दाबायचं. लोळणीचा वेग उडीत उतरतो आणि अंतर वाढतं. ही एक गोष्ट बोटांत बसेपर्यंत गेम चिडका वाटतो. बसली की लेव्हलची रचना उलगडत जाते: शत्रू, झुलते वेल, तुटणारे पूल असे रचलेले असतात की लोळणीतून उडी, उडीतून शत्रूवर टप्पा, टप्प्यातून पुढचा वेल अशी साखळी न तुटता पुढे जाते. एकटा डाँकी थोडंच अंतर लोळतो. पाठीवर साथीदार असेल तर दोघं मिळून सलग लोळत जातात. म्हणून साथीदाराचं पिंप दिसलं की ते टाळू नका.

साथीदार तिघे. डिडी पाठीवरच्या जेटने आडवं तरंगायला मदत करतो. डिक्सी वेणी फिरवून शेवटी थोडं वरही उचलते. क्रँकीच्या काठीवर काट्यांवरूनही टप्पे घेता येतात. तिघांत पहिल्या फेरीसाठी डिक्सी निर्विवाद, कारण कमी पडलेली उडी तीच सावरून घेते. क्रँकी मजेशीर आहे, पण त्याच्या टप्प्याची उंची अंगवळणी पडायला वेळ लागतो, आणि त्या नादात सरळ साधी उडी चुकते.

सोनिकचा वेग बटणात नाही, जमिनीच्या उतारात आहे. उतारावर सोडून दिलेल्या सायकलसारखं हे प्रकरण आहे: उतरताना खाली दाबून गोळा व्हा, वेग वाढतो, चढावर गोळा झालात तर तोच वेग झपाट्याने मरतो, तिथे पायांनी धावावं. जागेवरून वेग हवा असेल तर खाली धरून उडीचं बटण दाबत राहायचं आणि खालचं बटण सोडायचं, हा जुना स्पिन डॅश. ‘मेनिया’ने त्यात ड्रॉप डॅशची भर घातली: हवेत असताना उडीचं बटण पुन्हा दाबून धरायचं, जमिनीला टेकताच सोनिक सुसाट सुटतो. उडीनंतर थांबून पुन्हा वेग घ्यायची गरज त्यामुळे राहत नाही. मात्र हा डॅश फक्त सोनिककडे आहे. गेममधली दुसरी पात्रं वेगळी आहेत: टेल्स उडतो, नकल्स तरंगतो आणि भिंती चढतो.

सोनिकमध्ये लोक एकच चूक पुन्हा पुन्हा करतात: सगळीकडे उजवं बटण दाबून धरतात. लेव्हलला वरचे आणि खालचे असे अनेक मार्ग असतात. वरचा मार्ग बहुधा वेगवान आणि कमी धोक्याचा असतो, चुकलात की खाली पडता आणि तिथे काटे, पाणी, संथ प्लॅटफॉर्म यांच्याशी गाठ पडते. म्हणजे शिक्षा लगेच मरण्याची नसते, रेंगाळण्याची असते. गेम झोनमध्ये आणि झोन ॲक्टमध्ये विभागलेला असतो. प्रत्येक ॲक्टला दहा मिनिटांची मर्यादा आहे, ती संपली की एक लाइफ जाते, हेही ध्यानात असू द्या.

रेमनबद्दल इथे थोडक्यात सांगता येतं, कारण त्याचा हात सर्वांत हलका आहे. धाव, ठोसा, आणि हवेत बटण धरलं की केसांचा पंखा फिरून हळू उतरणं. पहिल्या काही मिनिटांत जमतं. खरी कसोटी दोन ठिकाणी येते. संगीताच्या लेव्हलमध्ये उड्या आणि ठोसे तालावर पडतात, तिथे डोळ्यांपेक्षा कानांवर भरवसा ठेवावा. आणि वेळेशी शर्यत असलेल्या ‘इन्व्हेडेड’ लेव्हलमध्ये ४०, ५० आणि ६० सेकंदांना एकेक टीन्सी (सोडवायचा छोटा कैदी) हातचा जातो, म्हणजे तिघांनाही सोडवायचं तर पूर्ण वाट ४० सेकंदांत पार करावी लागते.

चुकलात तर काय होतं

इथे चौघांचे स्वभाव अगदी वेगळे आहेत, आणि गेम अर्ध्यावर सुटण्याचं कारण बहुतेक इथेच असतं.

रेमनमध्ये लाइफ हा प्रकारच नाही. मेलात की जवळच्याच टप्प्यावरून पुन्हा सुरू. लहान मुलांबरोबर खेळायचं असेल किंवा दिवसाकाठी अर्धा तासच मिळत असेल, तर ही फार मोठी सोय आहे.

‘वंडर’मध्ये लाइफ आहेत, पण त्या इतक्या मिळत राहतात की त्यांची चिंता क्वचितच पडते. जुन्या मारिओतलं घड्याळ इथे काढून टाकलं आहे, त्यामुळे कोपरे धुंडाळायला मोकळीक आहे. नकाशावर लेव्हलच्या नावाबरोबर एक ते पाच तारे दिसतात, ते काठिण्य सांगतात आणि बऱ्यापैकी प्रामाणिक आहेत. काहीच जमत नसेल तर योशी किंवा नॅबिट ही पात्रं निवडा. शत्रूंचा मार त्यांना लागत नाही, पण खड्ड्यात पडलात तर लाइफ जाते. बदल्यात हत्तीचं फळ, फायर फ्लॉवर, ड्रिल या शक्ती देणाऱ्या वस्तूंतलं काहीही त्यांना वापरता येत नाही. बाकी पात्रं दिसायला वेगळी असली तरी खेळायला सारखीच आहेत. जुन्या गेममध्ये लुईजी उंच उडतो म्हणून इथेही उडेल या समजुतीने त्याला निवडू नका.

‘ट्रॉपिकल फ्रीझ’ कडक आहे. मूळ मोडमध्ये डाँकीला दोन हृदयं, साथीदार असेल तर आणखी दोन. साध्या लेव्हलमध्ये चेकपॉइंट (मेल्यावर जिथून पुन्हा सुरू होतं त्या जागा) मिळतात, पण बॉसच्या, म्हणजे बेटाच्या शेवटच्या मोठ्या शत्रूच्या, लढाया लांबलचक असून मध्ये एकही चेकपॉइंट नाही. शेवटच्या टप्प्यात हरलात तरी पहिल्यापासून. यावर तोड दुकानात आहे: गोळा केलेल्या नाण्यांतून फंकीच्या दुकानात जादा हृदय घ्या आणि बॉसला भिडण्याआधी वापरा. हिरवा फुगा खड्ड्यातून वर काढतो, तो खड्ड्यांच्या लेव्हलसाठी राखून ठेवा. खाणीतली गाडी आणि रॉकेट पिंपाच्या लेव्हलसाठी धडक सोसणारी वस्तू वेगळी मिळते. नाणी साठवून ठेवण्यात काही अर्थ नाही. ती खर्च करण्यासाठीच आहेत.

फंकी मोड निवडला तर चित्र पालटतं. सर्फबोर्ड घेतलेल्या फंकीला पाच हृदयं आहेत, दुहेरी उडी आहे, तो तरंगतो आणि बोर्डमुळे काट्यांवरही उभा राहतो. पण एक स्पष्ट सांगायला हवं: दुहेरी उडी हाती आली की लोळण शिकायची गरज उरत नाही, आणि या गेमचं सगळं सौंदर्य लोळणीत आहे. मोड फाइल सुरू करतानाच निवडायचा असतो. हाताला अशा उड्यांच्या गेमची थोडीही सवय असेल तर मूळ मोडच घ्या. पहिल्या बेटावर त्रास होईल, तिसऱ्यापर्यंत हात वळेल.

सोनिकमध्ये वाटेत मिळणाऱ्या सोनेरी कड्यांपैकी, म्हणजे रिंग्जपैकी, जवळ एक असली तरी मार लागल्यावर जीव वाचतो. रिंग्ज उधळतात, त्यातल्या एक-दोन पटकन पकडायच्या. धोका वेगळाच आहे: हलत्या भिंती आणि प्लॅटफॉर्ममध्ये चिरडलात तर रिंग्ज कितीही असोत, लाइफ गेलीच. सगळ्या लाइफ संपल्या तर त्या झोनच्या पहिल्या ॲक्टपासून सुरुवात. प्रगतीही झोनच्या हिशोबानेच जपली जाते, म्हणून दुसऱ्या ॲक्टच्या मध्यावर गेम बंद करू नका, झोन संपवूनच उठा.

बरोबर कोण खेळणार

चौघांनी एका पडद्यासमोर बसायचं असेल तर मारिओ किंवा रेमन. ‘वंडर’मध्ये खेळाडू एकमेकांना धडकत नाहीत, त्यामुळे जुन्या ‘न्यू सुपर मारिओ’ गेममधली ढकलाढकली आणि त्यातून होणारी भांडणं संपली. कॅमेरा मुकुट असलेल्या खेळाडूमागे जातो, म्हणून गटातल्या सर्वांत सावकाश खेळणाऱ्याकडे मुकुट राहिलेला बरा. मेलेला खेळाडू काही सेकंद भूत होऊन फिरतो आणि तेवढ्यात साथीदाराला शिवला की परत येतो. रेमनमध्ये तो बुडबुड्यात अडकतो, दुसऱ्याने ठोसा मारून फोडायचा.

डाँकी काँग दोघांपुरताच आहे आणि दोघांच्या लाइफ एकाच साठ्यातून जातात. दोघांचा हात सारखा नसेल तर साठा पटापट रिकामा होतो. दुसऱ्या खेळाडूला पाठीवर बसवून अवघड जागा पार करता येतात, तेवढा एक मार्ग आहे. सोनिकमध्ये दुसरा खेळाडू टेल्स होतो. तो पडद्याबाहेर राहिला तर उडत परत येतो, त्याच्या मरण्याने काही बिघडत नाही. धाकट्या भावंडाला हाती कंट्रोलर द्यायला हे छान, पण बरोबरीने खेळल्याचं समाधान त्यात नाही.

किती पुरेल

‘मेनिया’चे बारा मुख्य झोन काही तासांत संपतात. आठ जुन्या गेममधले, नव्याने रचलेले. चार पूर्ण नवे. पण तो एकदा संपवून ठेवायचा गेम नाहीच. मोठ्या रिंग्ज शोधायच्या, त्यातल्या विशेष टप्प्यात निळे गोळे घेऊन वेग आणि रिंग्ज घेऊन वेळ वाढवत यूएफओला गाठायचं, अशी एमराल्ड नावाची सात रत्नं जमवली तरच खरा शेवट दिसतो. २०१८मध्ये आलेल्या ‘सोनिक मेनिया प्लस’मध्ये मायटी आणि रे ही जादा पात्रं आणि एन्कोर हा जादा मोड आहे. पहिल्या फेरीला त्यांची गरज नाही.

‘वंडर’ची कथा सहज संपते आणि बॉसच्या लढतींत तोचतोचपणा आहे, एवढ्या कल्पक गेममध्ये तो खटकतो. खरी लांबी अवघड लेव्हलच्या स्पेशल वर्ल्डमध्ये आणि प्रत्येक लेव्हलच्या तीन मोठ्या जांभळ्या नाण्यांत, ‘वंडर सीड’ नावाच्या बिया जमवण्यात आणि झेंड्याच्या खांबाचं टोक गाठण्यात आहे. रेमनमध्ये ७०० टीन्सी आहेत, शिवाय आधीच्या ‘रेमन ओरिजिन्स’मधल्या ४० लेव्हल नव्या रूपात मिळतात. नुसत्या भरगच्चपणात तोच पुढे. ‘ट्रॉपिकल फ्रीझ’मध्ये के, ओ, एन, जी ही चारही अक्षरं बेटाच्या सगळ्या लेव्हलमध्ये मिळवली की मंदिराची लेव्हल उघडते. तिथे चेकपॉइंट नाहीत, आणि डेव्हिड वाइज यांच्या संगीतासह त्या या चारही गेममधल्या सर्वांत घट्ट विणलेल्या लेव्हल आहेत.

म्हणून आमचा कल असा: पहिलाच साइड-स्क्रोलर असेल किंवा घरात खेळणारे जास्त असतील तर ‘वंडर’, स्विच नसेल तर रेमन. एकट्याने, हात घडवत, हरण्याची तयारी ठेवून खेळायचं असेल तर डाँकी काँग, डोळे मिटून. सोनिक त्यांच्यासाठी, ज्यांना तीच लेव्हल दहाव्यांदा अधिक सफाईने खेळण्यात आनंद वाटतो.

कोणताही घेतलात तरी सुरू करण्याआधी टीव्हीच्या सेटिंगमध्ये गेम मोड चालू करा. चित्र सुधारण्याच्या प्रक्रियेमुळे बटण दाबणं आणि उडी दिसणं यांत अंतर पडतं, आणि काठावरच्या लोळण-उडीत ते लगेच जाणवतं. ब्लूटूथ हेडफोनवर आवाज मागे पडतो, म्हणून रेमनच्या संगीताच्या लेव्हलना तारेचे हेडफोन किंवा टीव्हीचेच स्पीकर वापरा. पीसीवर खेळणार असाल तर कीबोर्डऐवजी चांगलं दिशाबटण असलेला कंट्रोलर घ्या. दिशा तिरकी जाते का ते पहिल्या लेव्हलमध्येच तपासा, कारण सोनिकमध्ये धावताना अंगठा चुकून खाली घसरला की तो गोळा होतो आणि चढावरचा वेग तिथेच संपतो.