आधी शब्द का आधी चाल? एल्टन जॉनच्या दोन रेकॉर्ड

माझा भाचा ऑर्केस्ट्रात कीबोर्ड वाजवतो. नुकताच त्यानं एक जुना टर्नटेबल घेऊन दुरुस्त करून आणला, आणि आता खिशात एकाच रेकॉर्डपुरते पैसे उरलेत. समोर इंग्रज गायक-पियानोवादक एल्टन जॉनच्या दोन आहेत: १९७५ ची 'कॅप्टन फँटॅस्टिक अँड द ब्राऊन डर्ट काउबॉय' आणि १९७८ ची 'अ सिंगल मॅन'. "मावशी, कुठली घेऊ सांग की," असं तीनदा विचारून झालंय. त्याच्यासाठी, आणि याच पेचात असलेल्या कुणासाठीही, हे लिहितेय.

गायक तोच, पियानोही तोच. बदलला तो गीतकार. पहिलीत शब्द बर्नी टॉपिनचे आहेत, दुसरीत गॅरी ऑस्बर्नचे. १९६७ मध्ये एका रेकॉर्ड कंपनीची जाहिरात वाचून एल्टन आणि टॉपिन दोघांनी वेगवेगळा अर्ज केला, तिथून त्यांची जोडी जमली. टॉपिन कागदावर गीत लिहून द्यायचा, एल्टन तो कागद पियानोवर ठेवून चाल लावायचा. ऑस्बर्नच्या वेळी बहुतेकदा उलटं झालं: चाल आधी तयार, त्यानं तिच्यावर शब्द बसवायचे. जगदीश खेबुडकरांच्या कोल्हापुरात मीटरवर लिहिणं म्हणजे काय, हे वेगळं सांगायला नको.

'कॅप्टन'मधली गोष्ट या दोघांच्याच उमेदवारीच्या दिवसांची आहे. टॉपिननं ती गाण्यागाण्यांतून क्रमानं लिहिली. १९७४ मध्ये न्यूयॉर्कला निघालेल्या 'फ्रान्स' जहाजावर एल्टननं त्यांना चाली लावल्या. जवळ टेपरेकॉर्डर नव्हता, सगळ्या चाली डोक्यात ठेवूनच तो उतरला. 'समवन सेव्ह्ड माय लाइफ टुनाइट' हे त्यातलं पावणेसात मिनिटांचं गाणं नीट ऐक. ओळी लहानमोठ्या आहेत, एखादी मध्येच लांबते. शब्द संपले नाहीत म्हणून चालीला थांबावं लागतं, वळावं लागतं, आणि सूर अशा जागी जातो जिथं बोटं आपणहून गेली नसती. ठरलेलं लग्न मोडून जिवावरच्या प्रसंगातून बाहेर पडला एल्टन, पण ते शब्दांत मांडलं टॉपिननं. एवढा जवळचा मित्र असल्याशिवाय असं गाणं होत नाही. मागं त्याच्या बँडमधल्या डेव्ही जॉनस्टन, डी मरे आणि नायजेल ओल्सन यांचे एकात एक मिसळलेले आवाज आहेत, ते हेडफोनवर ऐकण्यासारखे.

'सिंगल मॅन'मध्ये ही जुनी मंडळी जवळपास नाहीत. जॉनस्टन एका गाण्यापुरता भेटतो. शब्द चालीत चपखल बसतात, कुठं अडत नाहीत, पण बरेचदा ते कुणाचेही असू शकतात: प्रेम, विरह, परत ये. इंग्रजी शब्द पकडत बसायचा कंटाळा असेल आणि कान चालीकडेच जात असेल, तर हीच रेकॉर्ड जास्त आवडेल. 'पार्ट-टाइम लव्ह' दुसऱ्यांदा ऐकतानाच गुणगुणायला येतं.

आणि एक गोष्ट कोल्हापूरकराला सांगायलाच हवी. एल्टन तेव्हा वॉटफर्ड फुटबॉल क्लबचा अध्यक्ष होता. 'बिग डिपर' आणि 'जॉर्जिया' या गाण्यांच्या कोरसमध्ये क्लबचे खेळाडू गायलेत. शाहू स्टेडियमवर पेठेच्या संघासाठी घसा बसवून घेणाऱ्यांना तो आवाज ओळखीचा वाटेल. तो सराव करून आणलेला आवाज नव्हे, मनापासूनचा आहे.

पण या रेकॉर्डचा जीव शेवटच्या गाण्यात आहे. 'साँग फॉर गाय' ही जवळजवळ नुसती पियानोची धून. मृत्यूचा विचार मनात घोळत असताना एका रविवारी एल्टननं ती बांधली. दुसऱ्या दिवशी कळलं, की आपल्या रेकॉर्ड कंपनीत निरोप पोचवणारा गाय नावाचा सतरा वर्षांचा मुलगा आदल्याच दिवशी मोटरसायकल अपघातात गेला. अगदी शेवटी एकच छोटी ओळ पुन्हापुन्हा येते, तीही एल्टनचीच. म्हणजे नव्या गीतकाराच्या रेकॉर्डवरचं सगळ्यात गाजलेलं गाणं गीतकाराशिवायच झालं. मला हे फार बोलकं वाटतं. भांडण मात्र नव्हतं. १९८० मध्ये काही गाण्यांपुरता टॉपिन परत आला आणि १९८३ च्या 'टू लो फॉर झीरो'त तो पूर्णपणे होता.

नुसती वाजवायला, हात बसवायला हवी असेल, तर 'सिंगल मॅन' घ्यावी. पण माझा भाचा स्वतः चाली बांधतो, आणि सगळ्या चार-चार मात्रांच्या चौकटीत अडकतात. त्यानं 'कॅप्टन'च घ्यावी. घेताना कव्हर उघडून बघ रे. मूळ रेकॉर्डसोबत गीतांची पुस्तिका, जुन्या कात्रणांची दुसरी पुस्तिका आणि पोस्टर येत असे. पोस्टर नसलं तरी चालेल. गीतांची पुस्तिका नसेल तर भाव पाडून माग, आणि बाजू ओरखड्यांसाठी उजेडात तिरकी धरून तपास. 'साँग फॉर गाय' तू तोवर मोबाइलवर ऐक, रात्री, एकट्यानं.