पहिल्या वर्षाचे उंच खेळाडू: डेव्हिस आणि कमिन्स्की

२०११-१२ च्या अमेरिकन कॉलेज बास्केटबॉल हंगामात दोघेही पहिल्या वर्षाला होते. केंटकी विद्यापीठाच्या अँथनी डेव्हिसची सामन्यागणिक सरासरी १४ गुण, १० रिबाउंड (हुकलेल्या नेमानंतर पकडलेला चेंडू) आणि जवळपास ५ ब्लॉक (प्रतिस्पर्ध्याचा नेम हवेतच अडवणं). राष्ट्रीय स्पर्धेच्या अंतिम सामन्यात त्याचा दहापैकी एकच नेम लागला. तरी १६ रिबाउंड आणि ६ ब्लॉकच्या जोरावर स्पर्धेचा मानकरी तोच. म्हणून उंच पोराचे गुण मी सुरुवातीला बघतच नाही. उडी वेळेवर पडते का, फाउल आवरतात का, एवढं पुरे.

विस्कॉन्सिनचा फ्रँक कमिन्स्की तेव्हा बहुतेक वेळ बाकावर, सरासरी दोन गुणसुद्धा नाहीत. त्याला तेव्हाच निकालात काढणारे (असे असतातच!) २०१५ मध्ये तोंडघशी पडले असतील: देशातला सर्वोत्तम कॉलेज खेळाडू तोच ठरला आणि उपांत्य फेरीत अपराजित केंटकीलाही त्याच्याच संघानं हरवलं.