भोपाळचा दावा: न्यूयॉर्क की भारत?

डिसेंबर १९८४ च्या भोपाळच्या वायुगळतीनंतर युनियन कार्बाइड या अमेरिकन कंपनीला कुठल्या कोर्टात खेचायचं? न्यूयॉर्कमध्ये ज्युरी (निकाल देणारे सामान्य नागरिक) होती, कंपनीची कागदपत्रं बाहेर काढायची सोय होती आणि भरपाईचे आकडेही मोठे. भारतात साक्षीदार, जखमी माणसं हाताशी. पण दावे वर्षानुवर्षं रेंगाळणारे. गंमत बघा, आमची न्यायालयं याला अपुरी पडतील असं भारत सरकारच अमेरिकेत सांगत होतं, आणि ती समर्थ आहेत असं कंपनी! नामवंत कायदेपंडित नानी पालखीवालांनीही कंपनीच्या बाजूनं प्रतिज्ञापत्र दिलं. १९८६ मध्ये न्यूयॉर्कचे न्यायाधीश कीनन यांनी प्रकरण भारताकडे धाडलं. इथे सरकारची मागणी ३३० कोटी डॉलरची होती. १९८९ मध्ये तडजोड ४७ कोटी डॉलरवर झाली. मला विचाराल तर न्यूयॉर्कच बरं. कंपनीला धास्ती त्याचीच होती.